भूतकाळातील आसक्ती सोडताना: कॅथोलिक श्रद्धावंतासाठी सविस्तर मार्गदर्शन

ज्याला भूतकाळातील एखादी गोष्ट सोडायची आहे, त्याने सर्वप्रथम ती विसरण्याचा हट्ट सोडावा. आठवण पुसून टाकणे माणसाच्या हातात नसते आणि ख्रिस्तसभाही (चर्चही) तशी मागणी करीत नाही. कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात, परिच्छेद २८४३ मध्ये, स्पष्ट म्हटले आहे की झालेला अपराध न जाणवणे किंवा तो विसरणे आपल्या शक्तीत नाही. मात्र जे अंतःकरण पवित्र आत्म्याच्या स्वाधीन होते, त्याची जखम करुणेत बदलते, त्याची स्मृती शुद्ध होते आणि त्याचे दुःख दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेचे रूप घेते. संत पौलाकडे पाहिले तरी हेच दिसते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो मागचे मागे टाकून पुढे धावण्याविषयी बोलतो, पण त्याच अध्यायात थोडे आधी आपला बन्यामिन वंश, आपले परूशी असणे आणि आपण ख्रिस्तसभेचा केलेला छळ हे सगळे तो नावानिशी सांगतो. त्याला सर्व काही आठवते आहे. त्या आठवणींवर त्याने आता आपली किंमत उभी केलेली नाही.

मग सोडायचे काय? सोडायचा तो त्या गोष्टीवरचा मनातला दावा. सातारा-सांगलीकडे हक्कसोडपत्र म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बहिणीने हक्कसोडपत्र केले म्हणून तिचे माहेर संपत नाही किंवा वडिलांची आठवण पुसली जात नाही. ती त्या ठरावीक मिळकतीवरील आपला हिस्सा सोडते, एवढेच. दस्तात गट क्रमांक आणि क्षेत्र लिहावे लागते, ‘सगळे सोडले’ असे मोघम लिहून भागत नाही. तो साक्षीदारांसमोर दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि नोंदणीनंतरही सातबाऱ्यावर फेरफार व्हायला काळ जातो. आध्यात्मिक जीवनातही सोडायची गोष्ट नेमकी ठरवावी लागते, ती कोणासमोर तरी मांडावी लागते आणि त्यानंतरही मनात तिचा फेरफार होण्याची वाट पाहावी लागते. एक फरक मात्र कधीही विसरू नये. आपल्याकडे कित्येक बहिणींकडून हक्कसोडपत्र दडपणाखाली करून घेतले जाते, आणि दडपणाखाली दिलेले हे दिलेले नसते. परमेश्वर कोणाकडूनही असे काही घेत नाही. तो मागतो, थांबतो, आणि देण्याची शक्तीही तोच देतो.

आसक्ती कोणती, प्रेम कोणते

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच एक कसोटी दिली आहे. माणूस परमेश्वराची स्तुती, आदर आणि सेवा करण्यासाठी निर्माण झाला आहे; इतर सर्व गोष्टी या ध्येयाला जितक्या साहाय्यक ठरतात तितक्या वापराव्यात आणि जितक्या आड येतात तितक्या दूर कराव्यात. या कसोटीनुसार कोणतीही वस्तू किंवा व्यक्ती मुळात आसक्ती नसते. दिवंगत आईची नऊवारी पेटीत जपून ठेवणारी मुलगी आसक्त असेलच असे नाही. पण त्या पेटीवरून भावजयीशी बोलणे टाकलेले असेल आणि त्याच मनाने ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतील पवित्र भाकर) घेण्याची वेळ येत असेल, तर तिथे काहीतरी अव्यवस्थित झाले आहे.

पहिला टप्पा म्हणून एक साधी वही घ्यावी आणि आठवडाभर रोज रात्री थोडा वेळ पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत. काम नसताना मन आपोआप कुठे जाते? कोणाचे नाव निघाले की आवाज चढतो किंवा गप्प व्हावेसे वाटते? कोणता विषय प्रार्थनेत आपण कधीच काढत नाही? परमेश्वराने उद्या एखादी गोष्ट मागितली तर कशाच्या बाबतीत आपण आधीच ‘ते सोडून काहीही’ असे म्हणून ठेवले आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत खरे असते. उत्तर मोघम नसावे. ‘जुन्या आठवणी’ असे लिहिण्याऐवजी ‘मोडलेल्या लग्नाच्या वेळी त्यांनी बैठकीत उच्चारलेले वाक्य’ असे लिहावे. ‘मानपान’ असे लिहिण्याऐवजी ‘निवृत्तीनंतर शाळेत मला कोणी विचारत नाही याचा सल’ असे लिहावे.

आपल्या भागात काही आसक्तींना स्थानिक इतिहासाचीही धार आहे. कोयना धरणाच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांची माणसे आणि त्यांची मुले आजही बुडालेल्या घराविषयी बोलतात. सांगलीत कृष्णेच्या पुराने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये घरे पाण्याखाली नेली. त्यात पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे फोटो, लग्नाचे अल्बम आणि वडिलांच्या हस्ताक्षरातील पत्रे गेलेली कुटुंबे आहेत. जे आपण सोडले नाही, जे हिसकावले गेले, त्याविषयीचा शोक ही आसक्ती नव्हे. त्या शोकाला वेळ द्यावा आणि तो स्तोत्रसंहितेतील विलापाच्या शब्दांत परमेश्वरापुढे मांडावा. घाईने त्याला ‘सोडण्याच्या’ यादीत घालू नये.

सोडण्याची इच्छा मागणे

वहीत नाव लिहून झाले की पुष्कळांना एक अडचण जाणवते: सोडावे असे वाटतच नाही. या अडचणीचा इग्नेशियस यांनी अतिशय बारकाईने विचार केला आहे. ते दहा हजार मुद्रा मिळालेल्या तीन प्रकारच्या माणसांविषयी मनन करायला सांगतात. तिघांनाही त्या पैशाची ओढ लागली आहे आणि ती परमेश्वराच्या मार्गात आड येते हेही तिघांना कळते. पहिल्याला ओढ जावी असे वाटते, पण तो मरेपर्यंत त्यासाठी काहीच करीत नाही. दुसऱ्याला ओढ जावी असे वाटते, पण पैसा मात्र राहावा. म्हणजे परमेश्वराने आपण उभे आहोत तिथे यावे अशी त्याची अपेक्षा असते. तिसरा ओढ अशी सोडतो की पैसा ठेवणे किंवा न ठेवणे, दोन्हींकडे त्याचे मन सारखेच मोकळे राहते, आणि परमेश्वराच्या सेवेला जे अधिक उपकारक तेच त्याला हवे असते. आपण बहुतेक जण दुसऱ्या प्रकारात मोडतो आणि तसे कबूल केल्याने प्रार्थना खरी होते.

त्यासाठी इग्नेशियस यांचा उपाय असा की मनाची ओढ ज्या दिशेला आहे त्याच्या उलट दिशेची मागणी प्रार्थनेत करावी, मग ती करताना मन कितीही कुरकुर करो. ज्याला अपमानाची परतफेड हवी आहे त्याने त्या माणसाच्या घराला बरकत मागावी. जुन्या मोठेपणाची ओढ असलेल्याने कोणाच्या नजरेत न येणारे काम मागावे. शब्द कोरडे वाटले तरी चालतील. रोज एकाच वेळी आणि शक्यतो एकाच जागी, पाच-दहा मिनिटे ही मागणी करावी. मिस्सेत, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, अर्पणविधीच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस वर उचलला जात असताना मनातल्या मनात तीच एक गोष्ट त्यासोबत ठेवावी. इग्नेशियस यांची जी समर्पणाची प्रार्थना पुष्कळांना पाठ असते, तिच्यात स्वातंत्र्य, बुद्धी आणि इच्छा यांच्यासोबत स्मृतीही परमेश्वराला दिलेली आहे. ती म्हणताना त्या एका शब्दापाशी थांबावे.

पापनिवेदन

भूतकाळातील आसक्तीच्या मुळाशी पाप असेल तर पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापे कबूल करून क्षमा घेण्याला, पर्याय नाही. पापाची क्षमा झाल्यावरही निर्मित वस्तूंविषयीची अस्वस्थ ओढ मागे राहू शकते आणि तिचे शुद्धीकरण व्हावे लागते, असे धर्मशिकवण सांगते (परिच्छेद १४७२). म्हणून पापनिवेदन करूनही ओढ जाणवत राहिली, तर संस्कार निष्फळ ठरला असे कोणीही समजू नये.

सातारा आणि सांगली हे जिल्हे पुणे धर्मप्रांतात येतात. येथे कॅथोलिक थोडे आणि विखुरलेले आहेत, आणि धर्मगुरूंना पुष्कळदा दूरदूरच्या वस्त्यांवर जावे लागते. रविवारच्या मिस्सेआधीच्या थोड्या मिनिटांत, मागे रांग उभी असताना, वर्षानुवर्षांची गोष्ट सांगता येत नाही. फादरांना आधी फोन करून ‘मला सविस्तर पापनिवेदन करायचे आहे, तासभर वेळ हवा’ असे सांगावे. गावात सर्वजण ओळखीचे असल्याने संकोच वाटत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात किंवा पुण्यात जाऊन ते केले तरी पूर्णपणे ग्राह्य आहे. पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरू कोणत्याही कारणासाठी मोडू शकत नाही.

निवेदनात गंभीर पापे प्रकार आणि संख्या यांसह सांगावीत. संख्या नेमकी आठवत नसेल तर अंदाजाने सांगावी. दुसऱ्याची पापे सांगू नयेत, हे विशेषतः कौटुंबिक भांडणांच्या बाबतीत कठीण जाते. ‘दिराने फसवले म्हणून मी बोलले’ यातील पहिला अर्धा भाग दिराच्या पापनिवेदनाचा आहे. पापे सांगून झाल्यावर आसक्तीचे नाव वेगळे घ्यावे: ‘याविषयी माझी ओढ अजून सुटलेली नाही, मला मार्गदर्शन हवे आहे.’

मिरज-सांगलीकडे आणखी एक प्रश्न हमखास येतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयामुळे या परिसरातील ख्रिस्ती जीवनावर प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनचा मोठा ठसा आहे, आणि अनेक कॅथोलिक घरांतील सोयरे प्रॉटेस्टंट आहेत. ‘देवाला सरळ सांगता येते, मग फादर कशाला?’ असे ते आपुलकीने विचारतात. देवाला सरळ सांगावेच, रोज सांगावे. पण पुनरुत्थित येशूने प्रेषितांवर श्वास फुंकून पापांची क्षमा करण्याचा अधिकार त्यांना दिला (योहान २०:२२-२३), आणि आपल्या कानांनी ऐकलेला क्षमेचा शब्द भूतकाळाला जी मर्यादा घालतो, ती आपल्या मनाला एकट्याने घालता येत नाही.

एकदा निवेदन केलेले पाप पुन्हा पुन्हा उकरून काढणे ही स्वतःच एक आसक्ती आहे, आणि भक्तिभावाच्या आवरणामुळे ती चटकन ओळखू येत नाही. इग्नेशियस १५२१ मध्ये स्पेनमधील पँप्लोना येथे तोफगोळ्याने जखमी झाले, पुढच्या वर्षी मोन्सेरातच्या मठात त्यांनी तीन दिवस आयुष्यभराच्या पापांचे निवेदन केले आणि तलवार मरियामातेच्या वेदीपाशी ठेवली. तरीही त्यानंतर मनरेसा गावात त्यांना शंकेने इतके छळले की कोणते पाप राहिले असेल या विचाराने त्यांच्या मनात आत्महत्येची ओढ आली. अखेर हा छळ परमेश्वराकडून नाही हे ओळखून त्यांनी जुनी पापे पुन्हा न सांगण्याचा निश्चय केला आणि त्यातून ते मुक्त झाले. ज्याला असा त्रास आहे त्याने एकच धर्मगुरू निवडून ‘हे पुन्हा सांगू नका’ या त्यांच्या आज्ञेला धरून राहावे.

बाहेरची कृती

मन बदलण्याची वाट पाहत वस्तू तशाच ठेवू नयेत. ज्या संबंधाने पापाकडे नेले, त्याचा फोन नंबर, जुने संदेश आणि फोटो काढून टाकावेत, आणि नंबर पुसण्याआधी ‘शेवटचा एक निरोप’ पाठवू नये. उसने घेतलेले, ढापलेले किंवा खोट्या मोजमापाने मिळवलेले परत करावे. भरपाई हा न्यायाचा भाग आहे. मूळ माणूस सापडत नसेल तर कोणती वाट योग्य ते धर्मगुरूंना विचारावे. घरात ताईत, मंतरलेले दोरे किंवा अंगारा जपलेला असेल तर तो काढावा; मात्र हिंदू सोयऱ्यांनी मायेने दिलेल्या वस्तूबद्दल त्यांच्यासमोर अपमानाचा शब्द काढू नये. आशीर्वादित जपमाळ, तसबीर किंवा पदक जीर्ण झाले असेल तर ते कचऱ्यात टाकण्याची प्रथा नाही. ते जाळावे किंवा मातीत पुरावे.

अढी, जमीन आणि न्याय

आपल्या भागातील कॅथोलिक घरांतही सर्वांत खोल रुतलेली आसक्ती बहुधा भाऊबंदकीची असते. ऊसाच्या बांधावरून, द्राक्षबागेच्या पाण्यावरून किंवा वडिलांच्या घराच्या वाटणीवरून सुरू झालेला वाद दुसऱ्या पिढीत पोहोचतो, आणि ज्या मुलांनी तो पाहिलाही नाही ती चुलत भावंडे चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसू लागतात.

येथे फार स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. क्षमा करणे म्हणजे न्याय्य हक्क सोडणे नव्हे. कोर्टातील दावा मागे घेतला तरच क्षमा खरी, असे कोणी, विशेषतः ज्याचा त्यात फायदा आहे अशा नातेवाइकाने, सांगितले तर ते मानू नये. मुलीचा वडिलोपार्जित वाटा मागणे हे पाप नाही, आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या घरी परत जाणे ही क्षमेची अट नाही. दावा चालू असतानाही द्वेष सोडता येतो. भगिनी राणी मारिया या कॅथोलिक संन्यासिनीची १९९५ मध्ये मध्य प्रदेशात हत्या झाली. हत्या करणारा समंदर सिंग तुरुंगात शिक्षा भोगत असताना राणी मारिया यांच्या सख्ख्या बहिणीने, भगिनी सेल्मी यांनी, तिथे जाऊन त्याला राखी बांधली. शिक्षा शिक्षेच्या जागी होती आणि क्षमा क्षमेच्या.

व्यवहारात हे असे करावे. ज्याच्याविषयी अढी आहे त्याचे नाव घेऊन रोज एकदा ‘हे आमच्या बापा’ म्हणावे. ‘आम्ही जशी क्षमा करतो’ या शब्दांपाशी घसा दाटला तर तिथेच थांबून शक्ती मागावी आणि मगच पुढे जावे. त्या माणसाविषयी तिसऱ्यापाशी बोलणे बंद करावे. वकिलाशी, समुपदेशकाशी आणि धर्मगुरूंशी आवश्यक तेवढे बोलण्यास हरकत नाही. अढीला खतपाणी मिळते ते बहुतांशी या बोलण्यातून, म्हणून हे एक पथ्य पाळले तरी फरक लवकर जाणवतो. त्यानंतर एखादी लहान, परतफेडीची अपेक्षा नसलेली कृती करावी: समोर आल्यावर ‘जय येशू’ म्हणणे, आजारपणात विचारपूस, मुलाच्या निकालाबद्दल अभिनंदन. उत्तर आले नाही तरी ती कृती पूर्ण झालेली असते. स्पेनमधील कार्मेल संघाचे संन्यासी संत जॉन ऑफ द क्रॉस यांना त्यांच्याच संघाच्या बांधवांनी १५७७ च्या डिसेंबरात पकडून टोलेडोतील अंधाऱ्या कोठडीत सुमारे नऊ महिने कोंडले होते. आयुष्याच्या अखेरीस, १५९१ मध्ये, पुन्हा अन्याय होत असताना त्यांनी एका भगिनीला लिहिले की जिथे प्रेम नाही तिथे प्रेम ठेवावे, म्हणजे तिथून प्रेम मिळेल. घरच्यांकडूनच दुखावलेल्या माणसाने या संतांची मध्यस्थी अवश्य मागावी.

मृतांविषयी

गेलेल्या जोडीदाराचे किंवा अपत्याचे प्रेम सोडायचे नसते; संतांच्या सहभागितेत, म्हणजे जिवंत आणि मृत श्रद्धावंतांच्या एकतेत, ते टिकून राहते आणि त्याला प्रार्थनेत काम मिळते. त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करावी आणि २ नोव्हेंबरला स्मशानभूमीत जावे. १ ते ८ नोव्हेंबर या काळात भक्तिभावाने स्मशानभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केल्यास शुद्धीस्थानातील (स्वर्गाआधी शुद्ध होत असलेल्या) आत्म्यांसाठी पूर्ण दंडमुक्ती, म्हणजे क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका, मिळू शकते. पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि पोपमहोदयांच्या उद्देशांसाठी प्रार्थना यांच्या जोडीला लहानशा पापाविषयीही आसक्ती नसणे ही तिची अट आहे.

रोजची तपासणी

आठवडाभराच्या वहीतून एकच आसक्ती निवडावी, आणि तिच्यासाठी इग्नेशियस यांनी सांगितलेली विशेष तपासणी सुरू करावी. सकाळी उठताच त्या एका गोष्टीविषयी सावध राहण्याचा संकल्प करावा. दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपण्याआधी मागच्या तासांवरून नजर फिरवून, किती वेळा तिच्यात अडकलो तेवढ्या खुणा वहीत प्रत्येक दिवसाच्या दोन ओळींत कराव्यात: पहिल्या ओळीत दुपारपर्यंतच्या, दुसरीत रात्रीपर्यंतच्या. मधल्या काळात अडकल्याचे लक्षात येताच हात छातीवर ठेवून पश्चात्ताप व्यक्त करावा. चारचौघांतही ते कोणाला कळत नाही. मग दिवसाची दिवसाशी आणि आठवड्याची आठवड्याशी तुलना करावी. रात्रीच्या सर्वसाधारण तपासणीत मात्र पहिली पायरी आभाराची आहे आणि ती वगळू नये, कारण ज्याला आज मिळालेले दिसत नाही त्याचे मन काल गेलेल्याकडेच वळते.

मोकळी झालेली जागा भरावीही लागते. ज्या वेळी मन जुन्याकडे धावते, नेमक्या त्या वेळी एखादे सेवेचे काम ठेवावे: रुग्णालयात एकट्या रुग्णाजवळ बसणे, शेजारच्या मुलांचा अभ्यास घेणे, चर्चमध्ये जपून ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादासमोर अर्धा तास प्रार्थना. जॉन ऑफ द क्रॉस स्मृतीच्या शुद्धीकरणाचा संबंध आशेशी जोडतात. पुढच्यासाठी काही राखलेले आहे हा विश्वास बळावतो तशी मागच्यावरची पकड सैल होते.

खुणा एखाद्या आठवड्यात वाढल्या तर घाबरू नये. मन कोरडे आणि उदास असताना आधीचा चांगला निश्चय बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी, हा इग्नेशियस यांचा नियम आहे. वही फाडण्याची किंवा तो जुना नंबर पुन्हा शोधण्याची इच्छा नेमकी अशाच दिवशी होते. झोप, भूक आणि काम यांवर परिणाम होऊ लागला, मागच्या अत्याचाराची दृश्ये डोळ्यांसमोर येऊ लागली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर फक्त प्रार्थनेवर विसंबू नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे; १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, आणि औषध घेण्याने श्रद्धा उणी होत नाही.

महिन्यातून एकदा वही घेऊन पापनिवेदन ऐकणाऱ्या त्याच धर्मगुरूंना किंवा आध्यात्मिक मार्गदर्शकाला भेटावे. निवडलेल्या गोष्टीचे नाव आता शांतपणे उच्चारता येते का, त्या माणसाच्या भल्याची बातमी ऐकून काय वाटले, एवढे दोन प्रश्न त्या भेटीत पुरेसे आहेत. उत्तर अजून जड जात असेल तर आसक्ती तीच ठेवून पुढचा महिना तसाच चालवावा, आणि हलके झाले असेल तर वहीतील दुसरे नाव घ्यावे.